हात सुटला, असं मी सांगितलं

दिवाळी मागे पडली की जळगावच्या संध्याकाळच्या हवेत एक धूर उतरायला लागतो. असोद्याकडच्या शेतांतून कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत असतात, त्याचा. हिरवी-पांढरी, तळहातापेक्षा मोठी वांगी. भाजून, सोलून, लाकडी बडगीत मिरच्या-लसणासोबत कुटायची आणि शेतातच पंगत मांडायची. आमच्याकडे हिवाळा म्हणजे भरीत, आणि भरीत म्हणजे माणसं. चार जणांसाठी कुणी भरीत करत नाही.

गल्लीतले लोक त्या वासासाठी खिडक्या उघडतात. मी लावून घेते.

परवा शाळेत सुलभाबाईंनी आमंत्रण दिलं. "रविवारी आमच्या मळ्यात या हो, मीनाबाई. घरचीच माणसं आहेत. चाळीस असतील फार तर."

"चाळीस?" मी विचारलं. माझा आवाज बदललेला त्यांना कळला नाही. मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. शाळेत सगळ्यांना माझे गुडघे दुखतात असंच वाटतं. मधली सुट्टी झाली की वरच्या वर्गांतली मुलं जिन्यावरून धबधब्यासारखी खाली येतात, तेव्हा मी भिंतीला पाठ लावून कठड्याचा लोखंडी पाइप धरून उभी राहते. शेवटचं मूल खाली जाईपर्यंत पाइप सोडत नाही. लग्नाला गेले तर दाराजवळच्या खुर्चीवर बसते. अक्षता टाकायला सगळे पुढे सरकतात, तेव्हा मी बाहेर चपला शोधत असते.

या गोष्टीला तीन हिवाळे झाले. भीती जुनी होत गेली की बोथट होते म्हणतात. माझी झाली नाही. तिचं कारण गर्दी एवढंच असतं, तर झालीही असती.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. माझे यजमान सुभाष यांच्याहून बारा वर्षांनी मोठ्या. सासू-सासरे लवकर गेले, तेव्हा अक्का धुळ्यात शिक्षिकेचा कोर्स करत होत्या. कोर्स संपला, साक्रीकडच्या डोंगरातल्या एका शाळेत नोकरी लागली आणि त्यांनी धाकट्या भावाला सोबत नेलं. त्याला शिकवलं, वाढवलं. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे घरात कुणी विचारत नसे. सुभाष आजही आईच्या फोटोला हार घालतात आणि पाया अक्कांच्या पडतात.

मी या घरात आले तेव्हा मला अक्कांची धास्ती वाटायची. सहा फुटाला थोड्या कमी, ताठ, खादीची साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. माझ्याशी शाळेतली स्वच्छ मराठी बोलायच्या. रागावल्या किंवा जीव हलला, की मात्र अहिराणी. त्यामुळे भाषा बदलली की मी सावध व्हायचे.

अशा या अक्कांना एका गाणाऱ्याचं वेड होतं. भजनाचं नव्हे, नाट्यगीतांचं नव्हे. इलेक्ट्रिक गिटार घेऊन, केस मोकळे सोडून, घसा फाडून हिंदीत गाणारा तो माणूस होता. धुळ्याच्या वसतिगृहात त्यांच्या खोलीतल्या एका मुलीकडे टेपरेकॉर्डर होता आणि एकच कॅसेट. ती कॅसेट दोन वर्षं वाजली. फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची आणि पुन्हा लावायची. "तो ओरडायचा ना, मीना," अक्का एकदा पोळ्या लाटताना म्हणाल्या होत्या, "तेव्हा वाटायचं, आपल्या वतीनं ओरडतोय." एवढं बोलून त्या पुन्हा पोळीकडे वळल्या. त्यांच्या आयुष्याबद्दल त्या माझ्यापाशी इतकंच बोलल्या असतील.

त्या गाणाऱ्याचं नाव मी लिहीत नाही. जे झालं त्यात त्याचा दोष नव्हता.

तीन वर्षांपूर्वी, अशाच भरिताच्या दिवसांत, अक्कांचा फोन आला. "मीना, तो येतोय."

"कोण?"

"अगं, तोच. धुळ्यात. मैदानावर. कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस आहे, त्यानिमित्तानं ठेवलाय. पास फुकट आहेत. मी दोन आणवलेत."

फोन स्पीकरवर होता. सुभाष हसले. "अक्का, या वयात आर्केस्ट्राला?"

"आर्केस्ट्रा नाही रे, कॉन्सर्ट," अक्का म्हणाल्या. "आणि वयाचं म्हणशील तर तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा आहे. तो नाचणार असेल तर मला उभं राहायला काय झालं?"

सुभाषना ऑडिट होतं, म्हणून मी गेले. खरं तर मला जायचंही होतं. अक्कांनी माझ्यासोबत कुठे जायचं म्हटलं, असं पहिल्यांदाच होत होतं.

एरंडोल, पारोळा करत बस धुळ्याला पोचली तेव्हा उन्हं कलली होती. अक्का साक्रीहून आधीच येऊन स्टँडवर उभ्या होत्या. नेहमीची खादी नव्हती. निळी रेशमी साडी, कानात मोती. मी बघतच राहिले, तर म्हणाल्या, "काय बघतेस? चल, पुढची जागा मिळायला हवी."

रिक्षावाल्यानं आम्हाला मैदानाच्या बरंच अलीकडे उतरवलं. पुढे रस्ताच नव्हता, माणसं होती. पोरं मोटारसायकलींवर तिघं-तिघं बसून हॉर्न वाजवत होती. कुणी झाडांवर चढलेलं, कुणी भिंतीवर. पास बघणारा दारात कुणी नव्हताच. होता तो बाजूला सारला गेला असणार. मी म्हटलं, "अक्का, परत जायचं का? घरी मोबाइलवर ऐकू."

त्यांनी माझं मनगट धरलं आणि आत शिरल्या.

बायकांसाठी मंचाच्या डाव्या हाताला लाकडी बल्ल्या बांधून वेगळी जागा केली होती. तिथे बरं होतं. कॉलेजच्या मुली होत्या, लेकरं कडेवर घेतलेल्या बायका होत्या, फरसाणाच्या पुड्या फिरत होत्या. आम्हाला दिव्यांच्या मनोऱ्याजवळ जागा मिळाली. जाड लोखंडी पाइपांचा उंच सांगाडा होता तो. मंचाच्या दोन्ही बाजूंना घराएवढे पडदे लावलेले, म्हणजे मागच्यांनाही दिसावं.

बराच वेळ भाषणं झाली. मागून आरोळ्या, शिट्ट्या, मग पाण्याच्या बाटल्या उडायला लागल्या. आणि दिवे मालवून एकदम पेटले तेव्हा तो उभा होता. पांढरे केस मागे बांधलेले, काळं जाकीट, पाय किंचित वाकलेले. पडद्यावर त्याच्या मानेच्या सुरकुत्या दिसत होत्या. ड्रमचा पहिला ठोका कानांत वाजला नाही, छातीच्या फासळ्यांत वाजला.

मी अक्कांकडे पाहिलं. त्या गात होत्या. सगळे शब्द पाठ होते. डोळे मिटून, मान वर करून, तो ओरडला की त्याही ओरडत होत्या. बाजूच्या मुली मोबाइल वळवून त्यांचंच चित्रण करायला लागल्या. एकीनं त्यांचा हात धरून नाचवलंसुद्धा. ही बाई मी वीस वर्षं ओळखते असं मला वाटत होतं.

असं तीन गाणी चाललं. त्या तीन गाण्यांसाठी मी अजूनही त्या दिवसाला पूर्ण शिव्या देऊ शकत नाही.

चौथ्या गाण्यात मागून लोट आला. लोट म्हणजे काय ते मला आधी कळलं नाही. पुढची बाई माझ्या अंगावर रेलली, मी तिला "अहो, जरा" म्हटलं, आणि त्याच क्षणी मागच्या बाईचा श्वास माझ्या मानेवर आला. मग कडाड असा आवाज झाला. मला वाटलं फटाके. बल्ल्या मोडल्या होत्या. पुरुषांकडची गर्दी बायकांच्या जागेत घुसली. घुसली असं म्हणते, पण त्यातल्या कितीकांना घुसायचं होतं कोण जाणे. मागून ढकललेले होते ते. एका पोराचा चेहरा मला आठवतो. अठरा-एकोणीसचा असेल, ओठांवर गुटख्याचा लाल डाग, आणि तो रडकुंडीला येऊन म्हणत होता, "ताई, मी नही, मांगून ढकली ऱ्हायनात."

हात छातीशी अडकले ते खाली घेता येईनात. पाय जमिनीला लागत होते की नाही, सांगता येत नव्हतं. धूळ, घाम, खोबरेल तेल, कुणाच्या तरी उलटीचा वास. श्वास घ्यायला छाती फुगवावी तर तेवढी जागा कुणीतरी घेऊन टाकायचं. म्हणजे मी श्वास सोडला की माझं शरीर लहान व्हायचं आणि पुन्हा तेवढंच राहायचं. हे कळलं तेव्हा मी श्वास सोडायला घाबरायला लागले.

गाणं थांबलं. त्यानं गिटार खाली ठेवली होती. "पीछे हटो भाई," तो माइकमध्ये म्हणाला, "बहनें दब रही हैं, पीछे हटो." कुणी ऐकलं नाही. मागच्यांना पुढचं काही दिसतच नव्हतं, त्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग, ते आणखी ओरडले. मी वर पाहिलं. पडद्यावर त्याचा चेहरा होता, घराएवढा. त्याचा खालचा ओठ थरथरत होता. वरून त्याला सगळं दिसत असणार. तो जे बघत होता त्याच्या आत मी होते, आणि त्याच्या तोंडावरून मला कळलं की आपण मरू शकतो.

माझा उजवा हात कसा कोण जाणे मनोऱ्याच्या पाइपला लागला. मी तो घट्ट धरला. डावं मनगट अक्कांच्या हातात होतं. मग दुसरा लोट आला, तो आडवा. अक्का माझ्यापासून दूर ओढल्या जायला लागल्या. त्यांची पकड शिक्षिकेची होती, पोराचं बखोट धरावं तशी. माझा खांदा उखडेल असं वाटलं. इकडे पाइप, तिकडे अक्का, आणि मध्ये मी ताणली जात होते. पाइपवरची बोटं घसरायला लागली.

मी माझं मनगट फिरवलं. बांगडी काढताना हात आवळून, अंगठा आत घेऊन फिरवतो ना आपण, अगदी तसं. विचार करून नाही. पण चुकूनही नाही. काचेच्या बांगड्या फुटल्या, त्यांची पकड निसटली, आणि मी तो मोकळा झालेला हातही पाइपला घातला. अक्कांचा निळा खांदा दिसला, मग पांढरा झालेला अंबाडा, मग काहीच नाही. त्यांची उंची गर्दीत बुडाली.

त्यानंतर किती वेळ गेला सांगता येत नाही. पोलिसांनी मागची भिंत फोडली की गेट उघडलं, काहीतरी झालं आणि दाब एकदम उतरला. मैदानावर चपला होत्या. इतक्या चपला मी कधी पाहिल्या नव्हत्या. मी "अक्का, अक्का" ओरडत फिरत होते. अशा हाका मारणाऱ्या आणखी कितीतरी होत्या. अक्का सापडल्या पाण्याच्या टँकरच्या चाकाला टेकून बसलेल्या. केस सुटलेले, साडी फाटलेली, उजवा हात विचित्र लोंबत होता. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. मी त्यांच्या पायांशी बसले आणि रडले.

दवाखान्यात सुभाष धावत आले. "काय झालं? तू कुठे होतीस?"

"हात सुटला," मी म्हटलं.

हे दोन शब्द कुणी मला शिकवले नव्हते. आपोआप आले. सगळे म्हणाले, एवढ्या गर्दीत सुटणारच. डॉक्टर म्हणाले, नशीब समजा. दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर बातमी होती: चेंगराचेंगरी, काही जण जखमी, परिस्थिती नियंत्रणात. कुणी गेल्याचं लिहिलं नव्हतं. सुभाषनी बातमी दोनदा वाचली आणि पेपर घडी करून ठेवला. मी सारखी माझ्या मनगटाकडे बघत होते. काचेचे तीन बारीक ओरखडे होते, बस.

सुटणं आणि सोडणं. पाचवीच्या मुलांना मी हा फरक फळ्यावर लिहून शिकवते. एक आपोआप होतं, दुसरं कुणीतरी करतं.

दवाखान्यातून अक्कांना आम्ही जळगावला आणलं. दीड महिना त्या आमच्याकडे होत्या. माझ्या खऱ्या भीतीचा हिवाळा तो. बाहेर सगळीकडे भरिताच्या पंगती उठत होत्या, शेजारपाजारचे डबे भरून आणून देत होते, "अक्कांना आवडतं ना," म्हणत. आणि घरात मी अक्कांचे केस विंचरत होते, साडी नेसवत होते, घास भरवत होते. त्या मुकाट्यानं करून घेत होत्या. त्यांनी घास गिळून तोंड उघडलं की मला वाटायचं, आता बोलणार. सुभाष समोर बसलेले असायचे. आता म्हणणार, अरे, तिनं माझा हात सोडला. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकायचे.

त्या बोलल्या नाहीत. एकदा सुभाषच म्हणाले, "मीना किती करते बघ तुझं, अक्का." अक्का म्हणाल्या, "करते खरी." मी भांडी घासायला उठले. नळ मोठा सोडला.

संक्रांत झाली. अक्कांच्या गळ्यातला पट्टा निघाला. दोन दिवसांनी त्या साक्रीला जाणार होत्या. दुपारी आम्ही दोघी गच्चीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. सुभाष ऑफिसात. मला वाटलं, आत्ता नाही बोलले तर हे माझ्यात कुजत जाईल.

"अक्का," मी म्हटलं, "हात सुटला नव्हता. मी सोडला."

त्यांनी हातातली शेंग सोलून दाणे ताटात टाकले. मग म्हणाल्या, "माले मालूम शे."

अहिराणी.

"तुनं मनगट फिरनं, तवयच समजनं माले," त्या म्हणाल्या. "बरं करं तू. नही त दोन्ही पडतो."

बरं केलंस, म्हणत होत्या. मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की त्या माझ्याकडे बघत नाहीत. गच्चीच्या कठड्याकडे, कुठेतरी पलीकडे बघताहेत.

"आता माझं ऐक," त्या म्हणाल्या. मराठीत, हळू आवाजात. "तुझा हात गेला आणि मी पडले. कोपरावर पडले, तेव्हाच हाड गेलं. वर माणसं आली. मग कशी कोण जाणे, मी उठले. उठता आलं, कारण पायाखाली आधार मिळाला. मला वाटलं कुणाची पिशवी आहे, गाठोडं आहे. मी त्याच्यावर दोन्ही पाय दिले आणि वर आले. श्वास घेतला. आणि मग ते पायाखालचं हललं, मीना."

मी शेंगांचं ताट बाजूला सरकवलं.

"मी उतरले नाही. उतरायला जागा नव्हती म्हण, किंवा मी उतरले नाही म्हण. गर्दी सुटेपर्यंत मी त्यावर उभी होते. नंतर खाली पाहिलं तर मी चार पावलं लांब ढकलली गेले होते, आणि तिथे नुसत्या चपला." त्यांनी ओठ पुसले. "तुमच्या घरात गादीवर पाय पडला तरी मला कापरं भरतं. दवाखान्यात मी सगळ्या खाटांजवळ फिरले. प्रत्येकीला विचारलं, कुठे लागलं, कशानं लागलं. साक्रीकडची एक पोरगी होती, रोशनी नावाची. तिची पाठ आणि बोटं चिरडली होती. तिच्याजवळ गेले आणि विचारायचं धाडसच झालं नाही. गाव तेवढं विचारून घेतलं."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या भ्यालेल्या दिसल्या. "येशील माझ्यासोबत? एकटीनं जमणार नाही मला."

दोन दिवसांनी मी त्यांना पोचवायला म्हणून साक्रीला गेले. सुभाषना एवढंच सांगितलं. साक्रीहून दुसरी बस धरून, अर्ध्या तासावरच्या त्या गावी आम्ही उतरलो. फाट्यापासून चालताना अक्का तीनदा थांबल्या. एकदा म्हणाल्या, "परत जाऊ या." मी काही म्हणायच्या आत पुन्हा चालायला लागल्या.

रोशनी ओट्यावर बसून अभ्यास करत होती. बारावीची परीक्षा जवळ आली होती. उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती, म्हणून डाव्या हातानं लिहायचा सराव चालला होता. तिच्या आईनं आम्हाला ओळखलं नाही. पोरीनं मात्र अक्कांना लगेच ओळखलं. "दवाखानामा व्हत्यात ना तुम्ही? त्या गाणं म्हणत व्हत्यात, त्याच ना? मी तुमना मांगेच व्हती."

मागेच. आईनं चहा आणला. अक्कांनी कपबशी तशीच खाली ठेवली.

"बेटा," अक्का म्हणाल्या, "तू पडलीस तेव्हा तुझ्यावर कोण होतं, आठवतं का?"

रोशनीनं मान हलवली. "बठ्ठाच व्हतात." सगळेच होते. तिनं आईकडे पाहिलं. आई आत गेल्याची खात्री केली. मग वही मिटून खालच्या आवाजात, भराभर बोलायला लागली. कुणीतरी विचारायची ती वाटच पाहत होती, असं तिचं बोलणं होतं. ती म्हणाली, आपण थेट जमिनीवर पडलो नव्हतो. आपल्याखाली एक बाई होती. हिरव्या बांगड्या होत्या तिच्या हातात. वरून दाब आला की आपण तिच्यावर आणखी दाबलो जायचो. आधी ती बाई "माय वं, माय वं" म्हणत होती.

"मंग ती बोलेच ना," रोशनी म्हणाली. "मी घरमा कोन्हाले नही सांगं." तिनं अक्कांची साडी धरली. ती वाकडी बोटं साडीत नीट अडकतही नव्हती. "मावशी, तुम्ही उंच शेतस. तुम्हले दिसनं व्हई. ती उठनी का मंग?"

पायाखालच्या माणसाचं काय झालं, हे विचारायला अक्का एवढ्या लांब आल्या होत्या, आणि तोच प्रश्न ही पोरगी त्यांना विचारत होती. मला वाटलं, आता अक्का कोसळणार.

"उठनी ना," अक्का म्हणाल्या. आवाज स्वच्छ, वर्गात हजेरी घ्यावी तसा. "मी दखं तिले. उठनी, साडी झटकी, नि चालनी गयी."

"हिरव्या बांगड्या?"

"हिरव्या बांगड्या. बरं करं तू, तिले आडोसा व्हयना तुना."

रोशनीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडू लागली. आतून तिची आई दचकून बाहेर आली. अक्का तिला म्हणाल्या, "परीक्षेची भीती वाटतेय तिला, दुसरं काही नाही."

फाट्यावर बसची वाट बघत आम्ही उभ्या होतो. अक्कांनी तिथे काहीही पाहिलेलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. चार पावलं लांब त्या ढकलल्या गेल्या होत्या, आणि तिथे नुसत्या चपला होत्या. पोरीचा एक हिवाळा सोपा व्हावा म्हणून त्यांनी तिला ती बाई उठवून दिली होती. आणि अक्कांना असं खोटं सांगणारं कुणी नव्हतं. मी होते, पण मला काय सांगता येणार होतं?

त्याच वेळी दुसरं काहीतरी माझ्या मनात शिरलं, ते अजून निघालेलं नाही. बरं करं तू. हे शब्द मी गच्चीवर ऐकले होते, याच आवाजात. तेव्हा ते मला खरे वाटले होते.

दर रविवारी अक्कांचा फोन येतो. तब्येत, शेजारीपाजारी, सुभाषचं जेवण, सगळं बोलतो आम्ही. रोशनी नर्सिंगला लागली, हेही त्यांनीच कळवलं. फोन ठेवायच्या आधी दर वेळी मला विचारायचं असतं की अक्का, गच्चीवर तुम्ही मला जे सांगितलंत, ते खरं होतं ना?

अजून विचारलेलं नाही. त्या त्याच स्वच्छ आवाजात "हो" म्हणतील, याचीच भीती वाटते.